दहाचा पाना, आत्ताच

दादाला मीच खाली पाठवलं. मंगळवारी, भर दुपारी, जेवणाचा डबा धुऊन जागेवर येऊन, एक ओळ खोडून. सकाळी तो पहिल्या पानावर पहिला होता. चार वाजेपर्यंत तो चौऱ्याहत्तराव्या पानावर गेला, एक गळकी टाकी आणि एक बंद पडलेला टोस्टर यांच्या मधे.

असं काही झालेलं नाही, असं आपण धरून चालू. ऑफिसात सगळ्यांनी तसंच धरलंय, आणि हा विषय आईसमोर काढायचा नाही असं आमच्या घरातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवलंय. घरातले सगळे म्हणजे मी.

तर मी दुरुस्तीकट्ट्यावर कामाला आहे. इंटरनेटवर लोक आपापली मोडकी वस्तू घेऊन येतात, प्रश्न विचारतात, आणि दुसरे लोक उत्तरं देतात. मिक्सर पेटतोय, नळ गातोय, कपाटाचं दार आतून कोणीतरी धरल्यासारखं उघडत नाही, असले प्रश्न. आमचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, अर्धीच उघडणारी एक खिडकी, आणि पाण्याचा एक कूलर. तो दोन वर्षं बंद आहे. देशोदेशीचे कूलर दुरुस्त करणारी माणसं आमच्या कट्ट्यावर आहेत, पण त्यांना विचारायचं कोणी, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.

कोणतं उत्तर वर दिसावं आणि कोणतं खाली, हे ठरवणारं सूत्र सांभाळणं माझं काम. आई याला "बाण मोजणं" म्हणते, आणि खरं सांगायचं तर तेवढंच आहे. उत्तर आवडलं की लोक वरचा बाण दाबतात, नाही आवडलं की खालचा. पण नुसती मतं मोजली तर पाच वर्षांपूर्वीचं एखादं झकास उत्तर जन्मभर डोक्यावर बसून राहील. म्हणून सूत्रात वय असतं. पहिली दहा मतं उत्तराला जेवढं वर ढकलतात, तेवढंच आणखी वर जायला पुढची नव्वद लागतात. वय मात्र रोज सारखंच खाली ओढतं. त्याला कोणाचं मत लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही ओढतं.

हे सूत्र मी दादाला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे मेहनत करून वर जायचं आणि नुसतं बसून खाली यायचं. यात तू काय शोध लावलास?"

दादा माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करायचा. कट्ट्यावर त्याचं टोपणनाव होतं "दहाचा पाना", कारण त्याच्या मते जगातले निम्मे प्रश्न दहाच्या पान्याने सुटतात आणि उरलेले सोडवायच्या लायकीचे नसतात. त्याची एक सवय होती. नट आवळून झाला की तो नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाणारी लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायचा. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. मग गिऱ्हाईक म्हणालं, "आम्ही हातही लावला नाही," की हा खाली वाकून नुसता रेघेकडे बघायचा, आणि गिऱ्हाईक आपणहून कबूल व्हायचं.

जगाची मशीनं नीट करणाऱ्या या माणसाच्या घरचं मशीन चालायचं. म्हणजे अक्षरशः चालायचं. कपडे पिळायला लागलं की थडथडत न्हाणीघराच्या दारातून निघायचं, आणि पुढच्या खोलीत दादाच्या खुर्चीच्या दिशेने चार पावलं यायचं. वायर संपली की पिन निघायची आणि बिचारं थांबायचं. आई रोज सांगायची, "अरे, बघ रे जरा त्याच्याकडे." हा म्हणायचा, "रविवारी बघतो." कुठला रविवार, ते त्याने कधी सांगितलं नाही.

शेवटी मागच्या वर्षी मार्चमधे कट्ट्यावर एका बाईंनी प्रश्न टाकला: मशीन कपडे पिळताना घरभर चालत जातं, काय करावे? बाईंचं नाव होतं "त्रस्त गृहिणी ४". पहिल्या तीन त्रस्त गृहिणी आधीच नोंदलेल्या होत्या. दहा मिनिटांत दादाचं उत्तर आलं:

"ताई, मशीनला हौस नसते, ते आपणहून चालत नाही. चारही पाय जमिनीला टेकतायत का बघा. एक पाय आखूड असणार. तो फिरवून खाली घ्या आणि वरचा नट दहाच्या पान्याने आवळा. एवढं काम घरातलं कोणीही करून देईल."

बारा मतं पडली. उत्तर एक दिवस दिसलं, आणि वयाप्रमाणे खाली गेलं.

सहा महिन्यांनी दादाला काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात पडल्या पडल्या मोबाइलवर तो आपलीच उत्तरं शोधत बसायचा. एकदा मला फोन केला.

"माझं ते मशीनचं उत्तर कुठंय रे?"

"एकोणचाळिसाव्या पानावर."

"एकोणचाळीस! अरे, माझं वय तेवढं नाही. वशिला लाव की जरा."

"वशिला बिशिला चालत नाही आमच्याकडे."

"मग तू तिथे काय करतोस?"

प्रश्न बिनतोड होता. मी सूत्रात एक ओळ घातली: "दहाचा पाना" याच्या उत्तरांचं वय लिहिल्या दिवसापासून नाही, शेवटचं मत पडल्यापासून मोजावं. मग वरचा बाण एकदा दाबला. उत्तर त्या क्षणी जन्मल्यासारखं झालं, आणि तेरा मतांचं तान्हं बाळ पहिल्या पानावर आलं. दादाचा निरोप आला: "वर आलो की रे!"

चार दिवसांनी तो गेला.

ती ओळ मी काढली नाही. विसरलो असं मी म्हणतो. तुम्हीही तसंच म्हणा.

त्यानंतर आठ महिने ते उत्तर पहिल्या पानावरून हललं नाही. कट्ट्यावर आणखी एक सोय आहे: दिवसाचं सगळ्यात वरचं उत्तर प्रत्येक प्रश्नाखाली चौकटीत झळकतं. त्यामुळे कोणी काहीही विचारलं तरी खाली पहिल्यांदा दादा दिसायचा. नळ गळतोय? चारही पाय जमिनीला टेकतायत का बघा. कुलूप अडकलंय? चारही पाय.

लोकांनी शिव्या घालायला हव्या होत्या. तशा दोनचार घातल्याही. पण मग एकाने लिहिलं, पाकीट हरवलं होतं, गंमत म्हणून सोफ्याचे पाय बघितले, एक अधांतरी होता, खाली पाकीट. पंख्याचा आवाज थांबवायला निघालेल्या एका शिक्षिकेने चढायच्या आधी स्टुलाचे पाय तपासले, एक हातात आला. एकाचा कुत्रा लंगडत होता, त्याने चारही पाय बघितले, तिसऱ्यात काटा. आणि एका गृहस्थांनी लिहिलं, "बायको सहा महिने बोलत नव्हती. दोघं पलंगाच्या कडेला बसलो, चारही पाय जमिनीला टेकवले आणि बोललो. आभारी आहे." त्या एका प्रतिक्रियेवर दादाला नऊशे मतं मिळाली. हयातीत त्याला सगळी मिळून दोनशे बारा होती.

शेजारच्या टेबलावर बसून कट्ट्यावरची घाण काढतो, त्याला आम्ही झाडू म्हणतो. दादा माझा भाऊ, हे त्याला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी सुट्टी घेताना "घरगुती कारण" लिहिलं होतं, आणि ते एका अर्थी खरंच होतं.

झाडू म्हणायचा, "हा दहाचा पाना काय खातो रे? दिवसाला शंभर लोक आभार मानतायत, आणि पठ्ठ्या एकालाही उत्तर देत नाही. माज बघ."

"कामात असेल."

"कसला कामात! हा बघ, इथेच बसलाय."

आणि तो पडद्यावर बोट ठेवायचा. मी तिकडे बघायचं टाळत असे, पण बोट ठेवल्यावर न बघणं संशयास्पद दिसतं. कट्ट्यावर प्रत्येक उत्तराशेजारी त्याचं वय लिहिलेलं असतं: तीन तासांपूर्वी, दोन महिन्यांपूर्वी. दादाच्या उत्तराचं वय शेवटच्या मतापासून मोजलं जात होतं. त्यामुळे तिथे लिहिलेलं असायचं:

दहाचा पाना. आत्ताच.

दुसरं कोणी असतं तर सूत्रच तसं आहे म्हणून शांत बसलं असतं. सूत्र माझंच होतं, म्हणून मी घाबरायचो. शनिवार-रविवारी लोक कमी, मतं कमी. तेव्हा त्याचं वय वाढायला लागायचं. एक तासापूर्वी. तीन तासांपूर्वी. मी घरी मोबाइल धरून ते वाढताना बघायचो. आणि दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, न चुकता, कोणीतरी येऊन गेल्यासारखं: आत्ताच. आठ महिन्यांत ती वेळ एकदाही टळली नाही. आमच्या कूलरला यातलं दहा टक्के जरी जमलं असतं तर आम्ही आज थंड पाणी पीत असतो.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे कट्ट्याच्या प्रमुख. चांगल्या आहेत, फक्त प्रत्येक वाक्य शांतपणे बोलतात, त्यामुळे रागावल्यात की नाही ते पगारवाढीच्या वेळीच कळतं.

"आठ महिने एकच उत्तर वर आहे. हे कसं?"

"लोकप्रिय आहे, मॅडम."

"काल एकाने विचारलं, गॅसचा वास येतोय, काय करू. खाली पहिलं काय आलं?"

मी बंद कूलरकडे बघितलं.

"तो आधी शेगडीचे पाय बघत बसला. नशीब बलवत्तर, शेजारणीने खिडक्या उघडल्या. उद्या चारपर्यंत मला हे उत्तर खाली हवं. आणि कशामुळे झालं, तेही."

मी जागेवर येऊन मतांची नोंद उघडली. कशामुळे झालं ते मला माहीत होतं. मला चार वाजून दहा मिनिटं बघायची होती. रोज त्याच वेळी एकाच खात्यातून मत काढून घेतलेलं, आणि पाच सेकंदांनी तेच परत दिलेलं. माझी ओळ इतकी भोळी होती की परत दिलेल्या मतालाही ती नवं मत समजायची. खातं होतं "त्रस्त गृहिणी ४". मी खात्याची माहिती उघडली. संपर्कासाठी दिलेला फोन नंबर माझा होता.

संध्याकाळी घरी आलो तर आई पुढच्या खोलीत दादाच्या खुर्चीसमोर मटार सोलत बसली होती. खुर्चीत कोणी बसत नाही. म्हणजे तिच्यावर इस्त्रीचे कपडेसुद्धा ठेवत नाही.

"आई, कट्ट्यावर तू आहेस?"

"आहे की. तुझ्या आधीपासून."

"मशीनचा प्रश्न तू टाकला होतास?"

"मग काय करणार? तोंडाने सांगून ऐकत नव्हता. म्हटलं, परक्या बाईचं तरी ऐकेल." ती हसली. "आणि बघ, दहा मिनिटांत उत्तर! मला ताई म्हणाला. घरी कधी 'आई, चहा झाला का' विचारलं नाही. आणि वर काय, तर घरातलं कोणीही करून देईल!"

"त्याला सांगितलंस का, तूच ती म्हणून?"

"सांगणार होते. एखाद्या रविवारी."

मटाराची एक शेंग रिकामी निघाली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि बाजूला ठेवली.

"आणि रोज चारला काय करतेस?"

"चहा झाला की त्याला वर काढते."

"वर काढते म्हणजे?"

"अरे, खाली जातो ना तो! तुझ्या त्या ऑफिसात काय बसवलंय काय माहीत, बघावं तेव्हा खाली ओढतं. बाण एकदा काढायचा, एकदा द्यायचा. की आला वर. 'आत्ताच' लिहून येतं त्याच्यापुढे." तिने माझ्याकडे बघितलं. "तू असलं काही बंद करणार नाहीस ना?"

"छे," मी म्हणालो.

मंगळवारी दुपारी काय झालं ते पहिल्या परिच्छेदात आहे, आणि ते झालेलं नाही.

चारला मॅडम आल्या, पडदा बघितला. "छान. काय होतं?"

"जुनी चूक होती."

"कोणाची?"

"माझी."

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि गेल्या. दादाच्या नावापुढे आता लिहिलं होतं: चौदा महिन्यांपूर्वी. झाडू म्हणाला, "अरेरे. मला तर सवय झाली होती रे त्याची." मी कूलरपाशी जाऊन पाणी प्यायल्यासारखं केलं.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

"अरे, तो वर येत नाहीये."

"नेट गेलं असेल, आई."

"नेट आहे. मी सात वेळा केलं. काढलं, दिलं, काढलं, दिलं. तिथेच आहे. चौऱ्याहत्तर म्हणजे किती खाली रे?"

"येतो मी घरी," मी म्हणालो, आणि निघालो. कारणाच्या रकान्यात परत "घरगुती" लिहिलं.

घरी पोचलो तेव्हा मशीन लावलेलं होतं. पाणी भरून ते घुमत होतं, अजून जागेवर होतं. न्हाणीघराच्या दाराशी एक नवा एक्स्टेंशन बोर्ड दिसला, लांबच लांब वायरीचा. पाण्याची नळीही लांब घेतलेली.

"हे काय?"

"परवा आणलं," आई म्हणाली. "एवढं चालत येतं आणि दारातच थांबतं. बरं दिसतं का ते?"

तिच्या हातात मोबाइल होता, अंगठा बाणावर. काढ, दे. काढ, दे. माझ्याच्याने ते बघवेना. काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय या घरात बसणं अशक्य होतं, म्हणून मी मशीन बंद केलं, माळ्यावरून दादाची पेटी काढली, दहाचा पाना घेतला आणि जमिनीवर आडवा झालो. म्हटलं, एवढं काम घरातलं कोणीही करून देतं.

चारही पाय जमिनीला टेकलेले होते.

मी दादाची पाणसळ मशीनवर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे. परत वाकलो, मोबाइलचा उजेड टाकला. उजव्या अंगाचा मागचा पाय फिरवून खाली घेतलेला होता, वरचा नट आवळलेला होता, आणि नट-बोल्टवरून एक बारीक लाल रेघ गेली होती. सलग. कुठेही तुटलेली नाही.

"काय झालं?" आईने विचारलं.

"त्याने केलंय हे. आधीच."

"कधी?"

"दवाखान्यात जायच्या आधी केलं असणार. नंतर कुठे वेळ होता त्याला?"

आईचा अंगठा थांबला. ती म्हणाली, "म्हणजे ती ताई कोण, ते त्याला कळलं होतं."

मी वेगळाच हिशोब करत होतो. आठ महिने मी स्वतःच्या डोळ्यांनी या मशीनला चालताना बघितलंय. चार पावलं, रोज, खुर्चीच्या दिशेने. पाय सारखे असलेल्या, नट घट्ट असलेल्या, रेघ न तुटलेल्या मशीनला चालायचं काही कारण नसतं. हे मी सांगत नाही, दादाने लिहून ठेवलंय: मशीनला हौस नसते, ते आपणहून चालत नाही. त्या उत्तराला अकरा हजार मतं आहेत.

"चालू कर," आई म्हणाली.

मी बटण दाबलं. आम्ही दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना बसलो. मशीनने पाणी सोडलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं, आणि पिळायला लागलं. मग उंबऱ्यावरून उतरलं. एक पाऊल. दोन. तीन. चार. इथे नेहमी पिन निघते. वायर लांब होती. पाचवं. सहावं. आम्ही आमचे चारही पाय वर घेतले. ते खुर्चीपर्यंत आलं, खुर्चीला हलकेच टेकलं आणि आपोआप बंद झालं.

आईने झाकण उघडलं, कपडे बाहेर काढले आणि म्हणाली, "बस जरा. दमला असशील." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, "तू तिथे नोकरीला आहेस ना? मग रीतसर अर्ज कर. वशिला नको."

कट्ट्यावर अर्जांसाठी वेगळा विभाग आहे. अर्जांचाही क्रम मतांनी आणि वयाने लागतो, आणि वर आलेल्या अर्जांचा निर्णय क्रमवारी सांभाळणारा कर्मचारी करतो. तो मी. पण नियम सात प्रमाणे स्वतःच्या अर्जावर निर्णय घेता येत नाही, आणि या विभागात दुसरा कर्मचारी नाही. माझ्या अर्जाला एक मत आहे. ते रोज चार वाजून दहा मिनिटांनी जातं, आणि पाच सेकंदांनी परत येतं. अर्ज सध्या एकशे आठव्या पानावर आहे. तो खाली जसाच्या तसा देत आहे.

प्रति,
क्रमवारी विभाग, दुरुस्तीकट्टा

विषय: वयाची मोजणी थांबवण्याबाबत

महोदय,

सभासद "दहाचा पाना" हे अर्जदाराचे थोरले बंधू असून वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांचे वय वाढणे बंद झाले आहे. ज्याचे वय वाढत नाही त्याच्या उत्तराचे वय वाढवणे हे विभागाच्या सूत्राशी विसंगत आहे. तरी सदर उत्तरापुढे "आत्ताच" हा शेरा कायम करण्यात यावा. गॅसच्या प्रश्नांखाली तो दाखवू नये, यास अर्जदाराची हरकत नाही.

तसेच, येत्या सतरा मार्चला अर्जदार आपल्या थोरल्या भावापेक्षा वयाने मोठा होत आहे. ही बाब घरात कोणालाही मान्य नाही. सबब, सोळा मार्चपासून पुढे अर्जदाराचेही वय मोजण्यात येऊ नये, आणि तसा लेखी आदेश अर्जदाराच्या मातोश्रींच्या नावे, दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आत मिळावा, ही नम्र विनंती.